संध्याकाळचा स्टँड-टू

जबलपूर छावणीत सूर्य मावळायला आला की कुठल्या तरी सेंटरमधून रिट्रीटचा बिगुल ऐकू येतो. इथे ग्रेनेडियर्सचं सेंटर आहे, जम्मू-काश्मीर रायफल्सचं आहे, सिग्नल्सचं आहे. वारा असेल तसा कधी याचा बिगुल, कधी त्याचा. तो वाजला की आमच्या व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसलेला ७७ वर्षांचा एक माणूस उठतो, सदऱ्याची बटणं चाचपतो आणि सावधान उभा राहतो. बिगुल थांबला की माझ्याकडे वळून हलक्या, काळजीच्या आवाजात विचारतो, "साहेब, माझी रायफल कुठाय? स्टँड-टूची वेळ झाली."

तो माणूस म्हणजे माझे वडील. आम्ही त्यांना आबा म्हणतो. मी त्यांचा थोरला मुलगा आहे हे त्यांना आता बहुतेक दिवस ठाऊक नसतं.

ज्यांनी फौज जवळून पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. मोर्चात बसलेल्या पायदळाच्या दिवसात दोन वेळा सगळ्यात धोक्याच्या, पहाट आणि संध्याकाळ. उजेड धड नसतो, अंधारही धड नसतो, आणि हल्ला यायचा तर अशाच वेळी येतो. म्हणून त्या दोन्ही वेळी सगळे जवान हत्यार घेऊन आपापल्या मोर्चात सज्ज होतात. तो स्टँड-टू. पूर्ण उजाडलं किंवा पूर्ण अंधारलं की हुकूम येतो, स्टँड-डाउन. मग संतरी सोडून बाकीचे मोकळे.

अल्झायमरच्या पेशंटचंही संध्याकाळी असंच होतं. दिवसभर बरा असणारा माणूस ऊन उतरताना बेचैन होतो, येरझाऱ्या घालतो, 'घरी जायचंय' म्हणतो, चिडतो. डॉक्टरांच्या भाषेत हे 'सनडाउनिंग'. पहिल्यांदा हा शब्द ऐकला तेव्हा मला हसू आलं नाही, पण वाटलं, आबांच्या बाबतीत आजाराने वेळ मात्र अचूक निवडली आहे.

आबा १९६७ मध्ये बेळगावला भरती झाले. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात ज्याची उंची आणि छाती भरली तो पोरगा बेळगावला जायचा, त्यात विशेष काही नव्हतं. १९७१ मध्ये ते जंगी पलटणीत, म्हणजे १ मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. १० डिसेंबरच्या रात्री ब्रह्मपुत्रा ओलांडून त्यांची पलटण जमालपूरच्या मागचा रस्ता अडवून बसली होती, आणि वेढ्यातून निसटायला निघालेला शत्रू रात्रभर त्यांच्या मोर्चांवर येऊन आदळत होता. दुसऱ्या दिवशी जमालपूर पडलं. लहानपणी आम्ही भावंडं ही गोष्ट सांगा म्हणून मागे लागायचो. आबा दोनच शब्द बोलायचे, "थंडी लई होती." आता रोज सांगतात. कोण कुठल्या मोर्चात होता, कुणाच्या पाण्याच्या बाटलीला भोक पडलं, कुणी आईला हाक मारली. सकाळी काय खाल्लं ते मात्र सांगता येत नाही.

१९९५ मध्ये ते सुभेदार म्हणून निवृत्त झाले. पांढऱ्या अक्षरांत नंबर, रँक आणि नाव रंगवलेली काळी ट्रंक घेऊन एस.टी.तून उतरले, तो दिवस मला स्पष्ट आठवतो. तीन वर्षांनी मी खडकवासल्याला एनडीएत गेलो. २००२ मध्ये डेहराडूनला पासिंग आउट झाल्यावर आई-आबांनी माझ्या खांद्यांवर तारे लावले. मग आबा दोन पावलं मागे सरले आणि त्यांनी मला कडक सॅल्यूट ठोकला. २८ वर्षं नोकरी केलेला सुभेदार, समोर २२ वर्षांचा लेफ्टनंट. मला काय करावं कळेना. मी हात वर केला आणि रडू फुटलं. आबा कानाशी येऊन म्हणाले, "हा एकदाच. वर्दीला होता. घरात बाप मीच."

तो शब्द त्यांनी १७ वर्षं पाळला.

२०१७ मध्ये आई गेली. त्यानंतर आबा गप्प राहू लागले, तेच तेच विचारू लागले, आणि आम्ही सगळ्यांनी ते दुःखाच्या खात्यावर टाकलं. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात ते हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेले आणि सही जुळेना. तीन वेळा केली, तिन्ही वेळा वेगळी. ते चिडून घरी आले आणि बँकेतली पोरं कशी बिनकामाची आहेत ते मला फोनवर ऐकवलं. मीही हसून सोडून दिलं. त्याच महिन्यात ते तालुक्याच्या स्टँडवर गावची गाडी कोणती ते विसरले. एका ओळखीच्या कंडक्टरने घरी आणून सोडलं. हे मला बहिणीकडून सहा महिन्यांनी कळलं. विचारल्यावर आबांचं उत्तर तयार होतं, "काय न्हाई झालं मला. सगळं ठीक हाय."

२०१९ मध्ये मला जबलपूरला पोस्टिंग मिळालं आणि आम्ही त्यांना घेऊन आलो. न्यूरॉलॉजिस्टने आधी रक्त तपासलं, बी १२ आणि थायरॉइड. या दोन्हींच्या कमतरतेनेही माणूस विसरभोळा होतो आणि तो विसर बरा होऊ शकतो. मग एमआरआय. मग तोंडी परीक्षा, ३० गुणांची. वार कोणता, महिना कोणता, १०० मधून सात वजा करत जा. आबांना १७ मिळाले. शेवटी डॉक्टरांनी कोरा कागद दिला आणि म्हणाले, घड्याळ काढा, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. आबांनी छान गोल वर्तुळ काढलं आणि बाराच्या बारा आकडे उजव्या बाजूला दाटीवाटीने भरले. काटे काढलेच नाहीत. ज्या माणसाने मला अंधारात होकायंत्र वाचायला शिकवलं तो माणूस त्या कागदाकडे बघून समाधानाने म्हणाला, "झालं, साहेब."

आजाराचं नाव कळल्यावर मी वाचायला बसलो. १९०१ मध्ये जर्मनीत फ्रँकफुर्टच्या इस्पितळात ५१ वर्षांची एक बाई आली, तिला साधं आपलं नाव लिहिता येत नव्हतं. तिला तपासणारा डॉक्टर म्हणजे अलॉइस अल्झायमर. १९०६ मध्ये ती वारली, त्याने तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्यात जे दिसलं ते त्याच वर्षी जगासमोर मांडलं. पेशींच्या बाहेर अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे साठे, आणि पेशींच्या आत टाऊ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाचा गुंता. नवी आठवण पक्की करण्याचं काम मेंदूचा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग करतो, आणि सहसा आजार तिथूनच सुरू होतो. म्हणून सकाळचा नाश्ता आधी जातो आणि जमालपूर शेवटपर्यंत टिकतं. डोनेपेझिल, मेमंटिन ही औषधं आबांना चालू आहेत. त्यांनी काही काळ थोडा फरक पडतो, आजार थांबत नाही. डॉक्टरांनी हे पहिल्याच दिवशी सरळ सांगितलं, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

त्या पहिल्या काळात आमच्या हातून एक चूक रोज होत होती. आम्ही त्यांना दुरुस्त करत होतो. संध्याकाळी ते रायफल मागायचे, आम्ही सांगायचो, "आबा, तुम्ही रिटायर झालात, युद्ध कधीच संपलं." ते आणखी भडकायचे. आपण त्यांच्या जागी बसून पाहू. समोर अंधार पडतोय, शत्रू जवळ आहे आणि आपलेच लोक म्हणतायत की काही नाही, झोप. कुठला शहाणा जवान ऐकेल? हे कोडं माझ्या मुलीने सोडवलं. ती तेव्हा अकरा वर्षांची होती. गणितं सोडवता सोडवता वैतागून तिने माझ्या आवाजाची नक्कल केली, "सुभेदार साहेब, स्टँड-डाउन!" आबा म्हणाले, "जी, साहेब." आणि शांतपणे खुर्चीत बसले.

तेव्हापासून आमच्या घरात संध्याकाळी कुणी ना कुणी स्टँड-डाउन देतं. आबा माझ्या बायकोला आक्का म्हणतात, ती त्यांची थोरली बहीण, जाऊन तीस वर्षं झाली. आक्काकडून हुकूम घेणं त्यांना पटेना. तिने आपली युक्ती काढली. ती फोन कानाला लावते, दोनदा 'जी' म्हणते आणि सांगते, "आबा, कंपनी कमांडर साहेबांचा निरोप आहे, स्टँड-डाउन." हे खोटं आहे का? असेल. पण त्या घटकेला त्यांना खरं नको असतं, सुटका हवी असते.

माझी अडचण वेगळी होती. मी त्यांना मुलगा वाटेनासा झालो, साहेब वाटायला लागलो. मी वर्दीत घरी आलो की ते उठून सॅल्यूट करायचे. मी म्हणायचो, "आबा, अहो मी आहे, हात खाली करा." ते गोंधळायचे, ओशाळायचे, आपलं काय चुकलं ते शोधत राहायचे. मला डेहराडूनचं वाक्य आठवायचं आणि पोटात कालवाकालव व्हायची. बाप आपल्याला विसरला याच्यापेक्षा तो आपल्याला साहेब म्हणतो हे मला जास्त लागत होतं. एक दिवस बायको म्हणाली, "सॅल्यूटला उत्तर द्यायचं असतं ना रे तुमच्यात? मग दे की." मी दिलं. आबांचा चेहरा खुलला. त्या क्षणी ते रोगी नव्हते, सुभेदार होते. आता मी रोज सॅल्यूट घेतो आणि रोज परत करतो.

२०२१ च्या हिवाळ्यात एका पहाटे ते दार उघडून बाहेर पडले. आम्हाला जाग आली तेव्हा अंथरूण गार पडलं होतं. तासाभराने एका सेंटरच्या गेटवरून फोन आला. तिथल्या संतऱ्याने त्यांना थांबवलं तर आबांनी सावधान होऊन आपला आर्मी नंबर, रँक, नाव आणि पलटण खणखणीत सांगितली. एकही आकडा चुकला नाही. घर कुठे, विचारल्यावर म्हणाले, बेळगाव. मी न्यायला गेलो तेव्हा तो संतरी, वीस-बावीस वर्षांचा पोरगा, अजिजीने म्हणाला, "सर, मैंने पूछा घर में कौन है, तो बोले, लड़का है, अभी छोटा है, स्कूल जाता है।" त्याने आबांना स्वतःची कोटपारका घातली होती आणि हातात चहाचा मग दिला होता. दुसऱ्याच दिवशी आम्ही दाराला वरच्या टोकाला, सहज नजर जाणार नाही अशी कडी बसवली आणि आबांच्या मनगटात नाव आणि फोन नंबर कोरलेलं स्टीलचं कडं घातलं.

२०२२ मध्ये मला पलटणीची कमान मिळाली, पूर्व लडाखमध्ये. पायदळातल्या अधिकाऱ्याची सगळी धडपड ज्या दिवसासाठी असते तो हा दिवस. कुटुंबाला तिथे नेता येत नाही, म्हणून बायको, मुलगी आणि आबा जबलपूरलाच राहिले. मी रोज संध्याकाळी फोन करायचो. "सब ठीक ना?" "सगळं ठीक." जास्तीत जास्त चार मिनिटं.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. सीओ म्हणून मी जवानांना आणि ज्युनियर अधिकाऱ्यांना हजारदा शिकवलं होतं की 'सब ठीक है, साहब' हा रिपोर्ट नसतो, सवय असते. पोस्टवर गेलं की 'सब ठीक?' असं विचारायचं नाही. काल रात्री काय जेवलास, घरून शेवटचा फोन कधी आला, बोटं दाखव, असं विचारायचं. मग खरं कळतं. सोळा हजार फुटांवर मी रोज पोरांची बोटं तपासत होतो, आणि माझ्या स्वतःच्या घराचा 'सब ठीक' रिपोर्ट दीड वर्ष जसाच्या तसा स्वीकारत होतो. मधल्या दोन रजांमध्येही मी पाहुण्यासारखा आलो आणि पाहुण्यासारखा गेलो.

डिसेंबर २०२३ मध्ये रजेवर आलो तेव्हा विमान लेट झाल्याने घरी पोचायला मध्यरात्र झाली. माझ्याकडच्या चावीने दार उघडलं. बायको आबांच्या खोलीच्या उंबऱ्याला आडवी, चटईवर झोपली होती. त्यांनी बाहेर पाऊल टाकलं तर तिला ओलांडूनच जावं लागेल, अशी. सकाळी पाहिलं, तिच्या मनगटाच्या वर काळंनिळं होतं. म्हणाली, "दारात आपटलं." मुलगी पोहे खाताना मान वर न करता म्हणाली, "खोटं बोलतेय. आबांनी काठी मारली. त्यांना वाटलं चोर आहे."

रात्री मी तिला चढ्या आवाजात विचारलं, "मला का सांगितलं नाहीस?" ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "तू तिथून काय करणार होतास? आणि तू विचारायचास कसं ते आठव. 'सब ठीक ना' म्हटल्यावर दुसरं काय उत्तर येतं?" थोडा वेळ गेला. मग म्हणाली, "तुझा संतरी किती तास उभा असतो?"

"दोन तास. मग चार तास आराम."

"आणि वर ग्लेशियरवर?"

"तीन महिन्यांच्या आसपास. मग खाली आणतात."

"मला दीड वर्ष झालं," ती म्हणाली आणि घडी घातलेले कपडे घेऊन आत गेली. त्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी तिला आणि मुलीला सांगलीला, तिच्या माहेरी पाठवलं. ती जायला तयार नव्हती. "तुला जमणार नाही," म्हणाली. मला ते मनातून लागलं. मी आठशे माणसांची पलटण चालवत होतो.

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी आंघोळीला त्यांनी दोन तास झटापट केली. तिसऱ्या रात्री ते सात वेळा उठले. सातव्यांदा, पहाटे साडेतीनला, ओल्या पायजम्यात उभे राहून ते कपाटातले माझे कागद बाहेर फेकत होते. मी ओरडलो. परेड ग्राउंडवर असतो तो आवाज. "बस! बैठ जाओ!" आबा ताडकन सावधान उभे राहिले. थरथरत होते. म्हणाले, "गलती झाली, साहेब. माफी असावी."

मी खाली बसलो. बराच वेळ बसून होतो. मग त्यांना धुतलं, कोरडे कपडे घातले, पांघरूण घातलं. पाच मिनिटांत त्यांना त्यातलं काही आठवत नव्हतं. मला आठवतं. तीन दिवसांत माझ्यासारख्याची ही गत झाली, मग जिने दीड वर्षात एकदाही आवाज चढवला नाही तिची माया मोठी म्हणायची का? असेलच. पण नुसत्या मायेच्या भरवशावर चौकी सोडून देणारा कमांडर नालायक ठरतो. थकलेला संतरी वाईट नसतो. तो थकलेला असतो, आणि चूक त्याला न बदलणाऱ्याची असते.

त्या रजेत मी घरासाठी ड्यूटी रोस्टर बनवलं. हसू नका, ते अजून आमच्या फ्रिजवर लावलेलं असतं. दिवसपाळीला एक पगारी मदतनीस मिळाला, इथल्याच ग्वारीघाटाकडचा पंचविशीतला मुलगा, हळू आवाजात बोलणारा. आठवड्यातून एक पूर्ण दिवस बायकोला सुट्टी, ज्यात तिने काय करायचं ते कुणी विचारायचं नाही. पुण्याची बहीण वर्षातून दोनदा पंधरा-पंधरा दिवस इथे येते. आधी आम्ही आबांनाच तिच्याकडे पाठवलं होतं, पण नव्या घरात त्यांना संडासाचं दार सापडेना आणि ते पार बिथरले. माणूस हलवायचा नाही, रिलीफ हलवायचा, हे तेव्हा कळलं. कमान पूर्ण झाल्यावर २०२४ मध्ये मी कम्पॅशनेट ग्राउंडवर जबलपूर मागून घेतलं. पुढच्या एका कोर्सकडे डोळे लावून होतो, ते सोडलं. लोक त्याला त्याग म्हणतात तेव्हा मला अवघडतं. त्याग आधीच दुसऱ्या कुणीतरी केला होता. मी उशिरा ड्यूटीवर आलो, एवढंच.

आता आमचे दिवस एका घडीत चालतात, कारण आबांना घडीच सोसते. सकाळी रेव्हिलीच्या बिगुलाला चहा. मग दाढी. न्हाणीघरातला आरसा आम्ही झाकला आहे, कारण त्यात एक अनोळखी म्हातारा दिसतो आणि आबा त्याला पासवर्ड विचारतात. संडासाच्या दारावर चित्र आहे, आतली कडी काढून टाकली आहे. दहा वाजता बूट पॉलिश. मेंदूचं बाकी सगळं विस्कटलं तरी हातांना शिकवलेलं काम फार काळ टिकतं. आबा फडक्याला पाण्याचा थेंब लावून बारीक गोल गोल फिरवत तासभर बूट घासतात. सुरुवातीला मला लाज वाटायची की कर्नलचे बूट बाप घासतोय. आता मुद्दाम मळवून ठेवतो. अख्ख्या स्टेशनात माझ्याइतके चकाकणारे बूट कुणाचे नाहीत.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीचा अंदाज आहे की भारतात साठीच्या वरच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंशाचा कुठला तरी प्रकार आहे, अल्झायमर त्यातला सगळ्यात मोठा. यात आपल्या पेन्शनरांची घरं किती असतील याचा विचार करा. म्हणून दोन-चार गोष्टी मोकळेपणी सांगतो. सही बदलली, पैशाचा हिशेब चुकू लागला, ओळखीची वाट चुकली, तर 'वय झालं' म्हणून सोडू नका. रक्ततपासणी आणि न्यूरॉलॉजिस्ट, दोन्ही लवकर करा. आपल्या लोकांसाठी ईसीएचएस आहे, कार्ड बासनात ठेवू नका. माणूस सही करू शकतो तोवर पेन्शनचं खातं, नॉमिनेशन, जमिनीचे कागद मार्गी लावा. पुढे फार धावपळ होते. अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९९२ पासून देशात याच आजारावर काम करते, अशा ठिकाणी आपल्यासारखीच माणसं भेटतात आणि तो आधार औषधाहून कमी नसतो. आणि घरात जी व्यक्ती हे सगळं करते आहे, बहुतेक वेळा ती सून किंवा बायको असते, तिचा रिलीफ कोण, हे नाव आज लिहून काढा. नाव सापडलं नाही तर तिथे तुमचं लिहा.

या नोव्हेंबरात आबांचा हयातीचा दाखला मोबाइलवरच केला. अंगठ्याच्या रेषा घासून गेल्यात, मशीन घेत नाही, म्हणून चेहरा दाखवायचा. स्क्रीनवर सूचना येते, डोळे मिचकवा. आबा एकटक बघत राहिले. मुलगी म्हणाली, "आबा, डोळ्यात कचरा गेलाय का?" त्यांनी पापण्या हलवल्या आणि दाखला आला. ती मोठ्याने ओरडली, "आबा पास!" आबांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि अचानक, अगदी जुन्या आवाजात म्हणाले, "काय रं, कधी आलास?"

मी म्हटलं, "आत्ताच आलो, आबा."

"जेवलास का?"

जेवलो म्हणालो. मिनिटभराने ते पुन्हा खिडकीतून बाहेर बघू लागले. असं महिन्यातून एखादवेळी होतं, कधी होतही नाही. त्याची वाट बघू नये हे मी शिकलोय. बघतो तरीही.

तुमचं गावाकडे कुणी असेल तर आज फोन करा. फक्त 'सगळं ठीक ना?' असं विचारू नका. काल रात्री झोप कशी लागली, किती वेळा उठावं लागलं, शेवटचं घराबाहेर कधी पडलीस, असं विचारा.

मला आता थांबायला हवं. रोस्टरप्रमाणे पाच ते नऊ माझी ड्यूटी आहे. बायको फिरायला निघाली आहे, आणि थोड्या वेळात बिगुल वाजेल.